अंड्यावर येईपर्यंत

"कुठली देऊ?" देसाईंनी विचारलं.

वैनीनं माझ्याकडं बोट केलं. "मला नका विचारू. कोंबड्या हिच्या हायत."

मी दचकलेच. कोंबड्या माझ्या आहेत हे मला तिथंच, त्या उबवणी केंद्राच्या पत्र्याच्या शेडमध्ये, देसाईंच्या बरोबरीनं कळत होतं. घरातून निघताना ठरलं होतं ते एवढंच, की वैनीला पिल्लं आणायची आहेत, एकटीला दोन खोकी धरून एसटीत चढता येत नाही, म्हणून सोबत मी जायचं. आता माझा एकच हात धड होता. डावा कोपरापासून बोटांपर्यंत प्लॅस्टरमध्ये होता आणि गळ्यातल्या झोळीत लटकत होता. असल्या माणसाला खोकं धरायला कोण नेतं, हा प्रश्न घरात कुणाला पडला नाही आणि मलाही पडला नाही. त्या दिवसांत मला कसलेच प्रश्न पडत नव्हते. ऊठ म्हटलं की उठायचं, जेव म्हटलं की जेवायचं.

मी माहेरी येऊन पंधरवडा झाला होता. पाणवठ्यावर पाय घसरून पडले आणि मनगट मोडलं, असं सासरच्यांनी येऊन सांगितलं होतं, आणि मीही तेच सांगत होते. हात बरा होईस्तोवर राहू दे आईजवळ, म्हणून ते मला आजऱ्याच्या स्टँडवर दादाच्या स्वाधीन करून गेले. नवरा माझा, यशवंत, साखर कारखान्यात कामाला. गळीत सुरू व्हायच्या आत येऊन घेऊन जातो म्हणाला होता.

देसाई म्हणजे त्या केंद्रावरचा माणूस. खाकी डगला, बोलणं निवांत. गिऱ्हाईक दोन बायका आहेत म्हणून त्यांनी घाई केली नाही. एकेक ट्रे ओढून दाखवायला लागले. पिल्लं आदल्या दिवशीच अंड्यातून निघालेली. सगळ्यांचा मिळून असा काही चिवचिवाट चालला होता, की बोलायला आवाज चढवावा लागत होता.

"ही गिरिराज," ते म्हणाले. "ह्यातले नर झटक्यात भरतात. तीन महिन्यांत विकून मोकळं. अंडी देतात, पण कोंबडी जड, खायला लागतं भरपूर."

दादानं हीच आणायला सांगितली होती. निघताना दोनदा सांगितलं होतं.

वैनीनं विचारलं, "अंड्यावर कवा येत्यात?"

देसाईंनी सांगितलं. वैनीनं मान हलवली आणि पुढच्या ट्रेकडं वळली. त्यात तांबूस पिल्लं होती. परसात अंड्यासाठी पाळायची तर ही बरी, असं देसाईंचं मत पडलं. अंडं मोठं, तांबूस कवचाचं. स्वभावानं जरा आगाऊ, पण पाच महिन्यांत अंड्यावर येणार. मग त्यांनी काळी दाखवली, पोटाखाली पिवळट पांढरी असलेली. तिचं इंग्रजी नाव त्यांनी घेतलं, ते आम्हा दोघींना त्या दिवशी काही म्हणता आलं नाही.

"ही शांत. माणसाच्या अंगावर येणार नाही. पण हिला घाई नसते. परसात सोडून वाढवली तर सहा-सात महिने धरून चाला. एकदा लागली की मग चांगली देते."

"सात महिने," वैनी म्हणाली.

"थोडा धीर धरावा लागतो."

मला वाटलं वैनीला अंड्यांची घाई आहे. पोरं दोन, शाळेत जाणारी, त्यांना रोज एकेक द्यायचं तिच्या मनात असेल. प्रत्येक ट्रेपाशी ती तेवढंच विचारत होती. रंग नाही, वजन नाही, रोग नाही. कवा येणार अंड्यावर.

"बोल की," ती मला म्हणाली. "कुठली?"

मला उत्तर द्यायची सवय राहिली नव्हती. चार वर्षांत भाजी कुठली करायची हेसुद्धा मला कुणी विचारलं नव्हतं, आणि चुकून आपल्या मनानं केली तर त्याचं काय होतं ते मला ठाऊक होतं. मी ट्रेकडं बघत उभी राहिले. मागं दुसरं गिऱ्हाईक आलं. वैनी हलली नाही. देसाईही थांबले.

"तांबड्या," मी म्हटलं.

"का?"

का ते मला सांगता येईना. खरं कारण होतं की त्या लवकर येणार होत्या. नेणारी माणसं आली नाहीत आणि माझा मुक्काम लांबला, तर निघायच्या आधी एखादं अंडं तरी हातात धरायला मिळेल. पण असं कसं सांगायचं?

"रंग बरा आहे," मी म्हटलं.

"बरं. हिच्या पसंतीच्या तांबड्या द्या," वैनी देसाईंना म्हणाली. "आणि तेवढ्याच काळ्या."

"काळ्या कशाला? त्या तर उशिरा येतात," ते म्हणाले.

"येऊ देत की उशिरा."

देसाईंनी खोकी भरली. निम्मे नर निघतील, रडायचं नाही, असं हसून सांगितलं. या जातींच्या कोंबड्या फारशा खुडूक बसत नाहीत, तेव्हा पुढं घरची पिल्लं काढायची असतील तर एखादी गावरान राखून ठेवा, हेही सांगितलं. मानमोडीच्या रोगाची लस कधी, कशी, डोळ्यात थेंब कसा सोडायचा, ते त्यांनी एका पिल्लावर करून दाखवलं. वैनी तेवढ्या वेळात चपलेतला खडा काढत बसली. बघितलं मी एकटीनं.

परतीच्या एसटीत एक खोकं तिच्या मांडीवर आणि एक माझ्या. खोक्याच्या भोकांतून चोची बाहेर येत होत्या. माझ्या उजव्या तळहाताला आतली ऊब लागत होती आणि गाडी खड्ड्यात आदळली की सगळी पिल्लं एकदम गप्प होत होती. दर खेपेला मी झाकण उचलून बघत होते. वैनी खिडकीला डोकं टेकून झोपली होती, किंवा तसं दाखवत होती.

घरी पोचलो तेव्हा दादा ओसरीवर होता. गिरिराज नाहीत हे कळल्यावर त्याचा पारा चढला. संक्रांतीच्या आत विकून मोकळं व्हायचं सोडून हे सात महिन्यांचं लचांड कुणी सांगितलं, म्हणाला. दादाला कोंबड्यांची घाण सोसत नाही. अंगणात एक शिट दिसली तरी तो दिवसभर त्याबद्दल बोलतो.

"आणल्या आता," वैनी म्हणाली. "शालन बघंल त्यांचं. तुमाला हात लावाय लागायचा न्हाई."

आई चुलीपाशी होती. तिनं बाहेर न येताच विचारलं, की शालन ती नांदती बाई, चार दिवसांची पाहुणी, ती कुणाच्या भरवशावर कोंबड्या पाळणार. मग मला उद्देशून म्हणाली, "हात बरा कर आणि आपल्या घराला लाग. लेकीची जात माहेरात शोभत न्हाई."

आई वाईट नव्हती. तिला बाबांच्या मागं एकटीनं घर चालवावं लागलं होतं आणि लोक काय म्हणतील याची धास्ती तिनं अंगावरच्या लुगड्यासारखी वापरली होती. मी नांदले तर ती जिंकणार होती, एवढं साधं होतं तिचं.

गोठ्याच्या कडेला लाकडी पाट्या लावून मी पिल्लांची जागा केली. भाताचं तूस पसरलं. वर बल्ब टांगला. वीज गेली की मडक्यात निखारे घालून मध्ये ठेवायचे, त्यावर जाळीचं झाकण. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजतेय, लांब पळाली तर उकडतंय, सगळीकडं सारखी पसरली तर बरं चाललंय. हे मला कुणी शिकवलं नाही, बघून बघून आलं. आणि वैनी रोज येऊन विचारायची.

"शालन, कण्या घालू का मका भरडू?"

"शालन, ही एक कोपऱ्यात का बसलीया?"

"पाणी कोमट करू का गार चालंल?"

मला वाटायचं, हिला खरंच माहीत नाही. ती चंदगडकडची, कोंबड्यांत वाढलेली बाई, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी उत्तर द्यायची. पहिले काही दिवस चाचरत. मग, मका भरड, असं नुसतं. मग एकदा तिनं कण्या घातल्या तेव्हा मी म्हटलं, "वैनी, मी मका सांगितला होता." आणि म्हणता म्हणता अंग चोरलं. काहीच झालं नाही. ती म्हणाली, "चुकलंच बाई," आणि मका आणायला गेली.

प्लॅस्टर निघालं. लस मी दिली. एका हातानं पिल्लू धरायचं आणि दुसऱ्यानं थेंब सोडायचा, ते काम माझ्या मोडलेल्या मनगटाला डॉक्टरनं सांगितलेल्या व्यायामापेक्षा जास्त मानवलं.

दिवाळीत यशवंत आला. नवी कोरी पँट, हातात पेढ्यांचा पुडा. आईच्या पाया पडला, दादाशी शेतीचं बोलला, माझ्याकडं बघून हसला. किती गोड हसायचा तो. त्याला बघून कुणालाही वाटलं असतं, ही बाई नशिबाची. चहा झाल्यावर त्यानं विषय काढला. हात बरा झालाय, आता तयारी कर.

वैनी आतून आली. पदर खोचलेला, हाताला पीठ. म्हणाली, पाव्हणं, तुमची बायको तुमालाच, आम्ही कशाला ठेवून घेऊ. पण पिल्लांना अजून एक लस द्यायची हाय, सुईची, आणि ती हिलाच देता येती. आता ती गेली तर सगळी मान टाकून मरतील. एवढं संक्रांतीपर्यंत राहू द्या.

यशवंत हसला. दादाकडं बघितलं. वैनी जाणून होती की दादा काय म्हणणार. हिला पाठवलं तर त्या कोंबड्यांची घाण आपल्या गळ्यात येणार, हे दादाला दिसत होतं. तो घसा खाकरून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या की संक्रांतीपतूर. कोंबड्या हायत तिच्या."

यशवंत गेला. जाताना दारात मला हळू आवाजात एक वाक्य बोलून गेला. ते मी कुणाला सांगितलं नाही, आताही सांगत नाही. त्या दिवशी खुराड्यापाशी जाऊन मी पाट्या पुन्हा घट्ट बांधल्या, त्या सैल नसताना.

संक्रांतीला निरोप आला. वैनीनं उलट निरोप धाडला, की तांबड्या अंड्यावर यायला टेकल्यात, नव्या कोंबड्या पहिल्यांदा घालताना कुठंही घालतात, सवय लावायला माणूस लागतं. निरोप आणणारा गालात हसला म्हणे. हसू दे. तोवर माघ लागला.

त्याच दिवसांत एक गोष्ट घडली, ती कुणी फार मोठी मानणार नाही. नरांपैकी एक तांबडा कोंबडा फार माजला होता. मी सकाळी दार उघडलं आणि तो पंख फडफडवत थेट माझ्या तोंडावर उडाला. मी मागं झाले नाही, ओरडले नाही. खाली बसले. दोन्ही हात डोक्यावर घेतले, गुडघ्यात तोंड घातलं आणि म्हणायला लागले, "चुकलं, परत न्हाई करणार, परत न्हाई करणार."

किती वेळ तशी बसले होते कुणास ठाऊक. हात काढले तेव्हा कोंबडा लांब जाऊन माती उकरत होता आणि आई गोठ्याच्या दारात उभी होती. तिच्या हातात शेणाची पाटी होती. आमची नजरानजर झाली.  पाटी तिथंच खाली ठेवून ती घरात गेली.

दुपारी त्या कोंबड्याचा रस्सा झाला. आईनं आपल्या हातानं केला आणि पहिलं मला वाढलं. त्या दिवसापासून तिनं, आपल्या घराला लाग, हे वाक्य परत म्हटलं नाही. मला वाटलं विसरली असेल.

तांबड्या लागल्या. पहिलं अंडं मला तुसात सापडलं, कोमट, एका टोकाला किंचित रक्ताची रेघ. मी ते बराच वेळ हातात धरून बसले. ते बघितलं की निघायचं, असं माझं मीच ठरवलेलं होतं. आणि आता मला निघायचं नव्हतं. हे मला त्या अंड्याकडं बघत असताना पहिल्यांदा कळलं.

पाडव्याच्या पुढच्या आठवड्यात जीप आली. माझे सासरे मामंजी, सासू आत्याबाई, यशवंत आणि मध्यस्थी करायला बाबूराव कोकितकर म्हणून एक प्रतिष्ठित गृहस्थ. पांढरी टोपी, दोन्हीकडच्या ओळखीचे. सोप्यात घोंगडी टाकली. वैनीनं चहा केला. मी आतल्या दाराआड उभी होते, माजघरात आई तांदूळ निवडत होती.

बाबूराव चांगलं बोलले. संसारात भांड्याला भांडं लागतंच, पण लेकरू इतके महिने माहेरी राहिलं तर दोन्ही घरांचं नाव जातं. मामंजी कमी बोलले. म्हणाले, आज न्यायला आलोय, आज आली तर आली, न्हाई तर परत या उंबऱ्याला पाय लावणार न्हाई. यशवंत खाली बघून बोट मोडत होता.

दादानं वैनीकडं बघितलं. वैनी म्हणाली, "काळ्या अजून लागल्या न्हाईत, मामा. त्या लागल्या की—"

बाबूराव हसायला लागले. "अहो अक्काताई, कोंबड्यांची काय मंगळागौर करून पाठवणार काय हिला?" त्यावर मामंजीही हसले. दादाला तोंड लपवायला जागा उरली नाही.

काळ्यांचं ऐकल्याबरोबर आत्याबाई परसात गेल्या होत्या, हात धुवायला म्हणून. त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात बांबूची पाटी होती. पाटीत अंडी होती. त्यातली काही मोठी तांबूस, आणि काही त्याहून फिकट, नव्या कोंबडीची असतात तशी लहान.

"ही कुणाची?" त्या म्हणाल्या. "काळीला मी आत्ता खोप्यातनं उठताना बघितलं. घालत्यात की चांगल्या."

खरं होतं. काळ्या चार दिवसांपूर्वीच लागल्या होत्या. पहिलं अंडं मी वैनीला नेऊन दाखवलं तेव्हा तिचा चेहरा पडला होता. "कुणाला बोलू नगंस," एवढंच म्हणाली होती. कशाला लपवायचं ते मला समजलं नव्हतं. आता समजलं. वैनी सोप्याच्या खांबाला धरून उभी होती. तिच्याजवळ आता सांगायला काहीच उरलं नव्हतं. मी तिला तशी कधी बघितली नव्हती, इतकी मोकळ्या हाताची.

मी दारातून पुढं आले.

"व्हय, घालत्यात," मी म्हटलं. "माझ्याच हायत त्या. मी येणार न्हाई."

मामंजींनी मान वर केली. यशवंतनंही. तो हसला, तसाच गोड, आणि म्हणाला, "बरं, चल की आता. कोंबड्या पण घे."

"माझा पाय घसरला नव्हता," मी म्हटलं.

मला वाटलं होतं याच्यापुढं खूप बोलावं लागेल. पाणवठा कुठला, दिवस कुठला, कारण काय, आधीचं काय काय. माझी तयारी नव्हती, पण मी बोलणार होते. बोलावं लागलं नाही. दादा माझ्या मनगटाकडं बघत होता. ते थोडं वाकडं बसलंय, अजून आहे. मग त्यानं यशवंतच्या हातांकडं बघितलं. तो बराच वेळ बघत राहिला. माझा भाऊ सावकाश समजणारा माणूस आहे, पण समजलं की समजलं.

बाबूराव दादाला म्हणाले, "हे बघा बळवंतराव, रागाच्या भरात बाई माणूस काहीही—"

 आतून तांदळाचं सूप खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि मग आई स्वतः सोप्यात आली. बाहेरच्या माणसांसमोर आई कधी सोप्यात आली नव्हती.

"ती खोटं बोलत न्हाई," ती म्हणाली. "मी बघितलंय."

काय बघितलंय ते तिनं सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

दादा उठला. त्यानं पाहुण्यांच्या पुढ्यातल्या कपबश्या एकेक करून उचलल्या, बायकांच्या कामाला हात न लावणाऱ्या माझ्या दादानं, आणि म्हणाला, "चहा झालाय नव्हं, पाव्हणं. निघा आता. पुढं घाट हाय."

जीप गेली. आम्ही चौघं सोप्यात तसेच होतो. वैनी पहिली हलली. पाटी उचलून म्हणाली, आत्याबाईंनी काळीला उठवलं, आता ती घातलेलं अंडं फोडून ठेवंल, जा बघ. मी गेले.

त्यानंतरचं सगळं सरळ झालं असं नाही. सोडचिठ्ठी व्हायला वर्षं गेली. गावात बोलणारे बोलले, आईच्या कानावर यायचं आणि ती ते गिळायची. पण मी राहिले. दादानं गोठ्याच्या मागं माझ्यासाठी जाळीचं पक्कं खुराडं बांधलं, नाकाला उपरणं लावून. पुढं खुराड्याला लागून माझ्या दोन खोल्या झाल्या. मी देसाईंकडून पिल्लं आणायची, दिव्याखालचे नाजूक दिवस माझ्याकडं काढायचे, आणि मग आसपासच्या गावांतल्या बायकांना ती द्यायची, असं करत करत ते माझं काम झालं. कुणी नवी बाई आली की मी ट्रे दाखवते आणि विचारते, अंडी पाहिजेत की विकायला पाहिजेत, घाई आहे का, कुत्रं आहे का, मांजर आहे का. बाई चाचरली तर थांबते.

आई गेली. दादाचे केस पिकले. वैनीचे गुडघे धरले, आता ती खुराड्यापर्यंत काठी घेऊन येते आणि उलट्या घमेल्यावर बसते.

तीन-चार वर्षांपूर्वी अशीच ती बसली होती आणि मी नवीन पिल्लं वेगळी करत होते. तांबडी इकडं, काळी तिकडं. मी सहज विचारलं. इतकी वर्षं विचारलं नव्हतं, कारण मला वाटायचं उत्तर मला माहीत आहे.

"वैनी, त्या दिवशी तुम्ही प्रत्येक ट्रेपाशी विचारत होता, अंड्यावर कवा येणार. सगळ्यात उशिरा येणारी शोधत होता ना?"

"मग?" ती म्हणाली. "देसाई वर्षानं घालणारी दाखवता तर ती घेतली असती."

"तुम्हाला आधीच कळलं होतं माझ्या हाताचं?"

 तिनं काठीनं तूस सारखं केलं. मग तिनं मला तिच्या थोरल्या बहिणीचं सांगितलं. हौसाचं. मी तिला एक-दोन लग्नांत बघितलं होतं, सतत डोक्यावरून पदर घेतलेली बाई, एका कानानं ऐकू न येणारी. वैनी लहान असताना ती एकदा माहेरी आली होती. कान सुजलेला. म्हशीनं शिंग मारलं असं तिनं सांगितलं. आठ दिवस राहिली. सगळ्यांना कळलं होतं, कळलं नाही असं कुणी नव्हतं. वैनीच्या वडलांचा जीव तुटत होता. पण आठव्या दिवशी न्यायला माणसं आली, आणि घरातल्या कुणाला काय बोलावं ते सुचेना.

"आमी तिची ओटी भरली आणि धाडली," वैनी म्हणाली. "तिला ठेवून घ्याय काय कारणच नव्हतं गं आमच्याकडं. माणूस हाय म्हणून कोण ठेवून घेत न्हाई. काय तरी काम पाहिजे, काय तरी अडायला पाहिजे तिच्यावाचून. मी लई वर्सं त्याचा इचार केलता. म्हणून तू आलीस तवा मला शोधाय लागलं न्हाई."

मी हातातलं पिल्लू खाली ठेवलं. आभार मानायचे शब्द आमच्यात वापरायची पद्धत नाही. मी तिच्या गुडघ्याला तेल लावून दिलं, ती नको नको म्हणत होती तरी.

मग एसटीनं चंदगडला गेले. हौसाक्का एकट्याच राहत होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा मुंबईला, सणाला येणारा. मी त्यांच्या चांगल्या कानाशी बसून सांगितलं, की उन्हाळ्यात माझ्याकडं पिल्लांची गर्दी असते, वैनीला आता होत नाही, मला एकटीला झेपत नाही. तुम्ही या.

"मला कोंबड्या कळत न्हाईत," त्या म्हणाल्या. "भ्या वाटतं."

"आठच दिवस," मी म्हटलं.

आल्या. पिशवीत दोन लुगडी घेऊन आल्या. भीती त्यांची अजून गेलेली नाही, जाळीच्या आत त्या पाऊल ठेवत नाहीत. दारात पाट टाकून बसतात, मी बाहेर आणून दिलेली अंडी फडक्यानं पुसून मोठी एकीकडं, लहान एकीकडं करतात, आणि एखादी कोंबडी जवळ आली की पाय वर घेतात. मधूनच त्यांना आठवण होते आणि त्या वैनीला म्हणतात, "ह्या खेपेची पिल्लं तेवढी मोठी होऊ देत, मग जाते मी."

वैनी म्हणते, "बघू की."

हा त्यांचा चौथा उन्हाळा.